अकराव्या ओळीतली चूक

“स्क्रीन भिंतीकडे?” डॉ. मगदूमांनी विचारलं.

“भिंतीकडे,” मी म्हणाले.

“आणि मी विचारलं तर?”

“सांगायचं नाही.”

“ओरडलो तर?”

“तरी नाही.”

“शाब्बास, फिजिक्स,” असं म्हणून त्यांनी उजवा हात पुढे केला आणि सिस्टर सुवार्तांनी त्या हातात सुरी ठेवली.

बायपासचं प्रत्येक ऑपरेशन आम्ही असंच सुरू करायचो. त्याआधी दहा वेळा हे संभाषण झालं होतं. ती अकरावी केस. साल दोन हजार आठ, गाव कोल्हापूर, माझं वय तेवीस. एम. एस्सी. होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. माझं नाव ऋजुता मिणचेकर, पण ऑपरेशन थिएटरमध्ये ते कुणीच वापरत नसे. सर्जन मला ‘फिजिक्स’ म्हणत, सिस्टर ‘बाळ’ म्हणत आणि हार्ट-लंग मशीन चालवणारे अन्वरभाई मुल्ला चिडवायला म्हणून ‘मॅडम’ म्हणत.

माझ्या ताब्यात एक कॅमेरा होता. टेबलाच्या वर मीटरभर उंचीवर, एका लोखंडी हाताला तो लटकवलेला असे. त्याला उजेड दिसत नसे, उष्णता दिसे. थंड भाग स्क्रीनवर निळा, त्याहून गरम नारिंगी, मग पिवळा, आणि सगळ्यांत गरम पांढरा. पहिल्याच दिवशी सिस्टरांनी तो निर्जंतुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधला होता, आणि मी अर्धा तास अत्यंत गंभीरपणे पिशवीचं तापमान मोजत बसले होते. अन्वरभाई ती गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगत.

कल्पना सबनीस सरांची. ते माझे प्रोफेसर. बायपासमध्ये हृदय थांबवून बर्फासारखं थंड करतात. मग छातीच्या आतल्या बाजूने उतरणारी एक धमनी, जिला थिएटरमध्ये सगळे लिमा म्हणतात, ती सोडवून हृदयाच्या पुढच्या तुंबलेल्या धमनीला जोडतात. जोड शिवून होईपर्यंत लिमावर एक छोटी क्लिप लावलेली असते. क्लिप काढली की शरीरातलं गरम रक्त थंड हृदयात शिरतं. सरांचं म्हणणं होतं, हे शिरणं उष्णतेच्या कॅमेऱ्याला दिसलंच पाहिजे. जोड नीट असेल तर दिसेल, नसेल तर तेही दिसेल.

पण दिसतं असं म्हणणं वेगळं आणि ते सिद्ध करणं वेगळं. म्हणून तक्ता होता. तीस पेशंट, तीस ओळी. पहिल्या रकान्यात कॅमेऱ्याचं मत: ‘मोकळी’ किंवा ‘बंद’. दुसऱ्या रकान्यात तिसऱ्या दिवशीच्या अँजिओग्राफीचं मत. दोन्ही जुळली तर ‘बरोबर’, नाही जुळली तर ‘चूक’. तिसांत एक चूक चालणार होती. दोन झाल्या तर तीनशे पेशंटांचा दुसरा टप्पा रद्द, कॅमेरा ज्यांचा त्यांना परत.

त्यातली एक चूक मी चौथ्याच केसला खर्च केली होती. हृदयाच्या टोकाशी थंड पाण्याचं थारोळं साचलं होतं. ते निळं दिसलं, मी ‘बंद’ लिहिलं, आणि अँजिओग्राफी स्वच्छ मोकळी आली. “तू पाण्याचं तापमान मोजलंस, हृदयाचं नाही,” असं सर म्हणाले होते.

स्क्रीन भिंतीकडे ठेवायचा नियम मात्र डॉ. मगदूमांनीच घातला होता. “तुमच्या चित्राची अजून परीक्षा व्हायचीय,” ते सरांना म्हणाले होते. “या मुलीने ‘बंद’ म्हटलं आणि तिच्या शब्दावर मी चांगला जोड उसवला, तर माणूस माझ्या हातून जाईल. तेव्हा तीस होईपर्यंत मला काही दाखवायचं नाही.” त्यात खोट काढण्यासारखं मला काही सापडलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी केरबा यादवांनी ती खोट काढली.

केरबा म्हणजे अकरा नंबर. अठ्ठावन्न वर्षांचे, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावचे गुळवे. गुऱ्हाळावर रस कधी शिजला आणि काहील कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. संमतीपत्र घेऊन मी वॉर्डात गेले तेव्हा ते कॉटवर मांडी घालून बसले होते आणि त्यांची बायको हिराक्का त्यांना मोसंबी सोलून देत होती. मी कॅमेऱ्याचं सगळं समजावून सांगितलं.

“म्हंजी गरम रगत कुठवर पोचलं त्ये दिसणार,” केरबा म्हणाले.

“हो.”

“आमचंबी त्येच काम की. बुडबुडं बघायचं आन् सांगायचं, हितं चढलाय, हितं कच्चा हाय. एक सायब थर्मामीटर घिऊन आलावता गुऱ्हाळावर. त्येचा थर्मामीटर सांगंस्तवर माझा गूळ वाफ्यात ओतून झाला.”

“अवो, सही करा की,” हिराक्का म्हणाली. “पोरीला कामं असत्यात.”

“करतो गं. समजून घिऊन करतो.” ते माझ्याकडे वळले. “मग त्यो फोटू डाक्टर बघणार आन् टाकं घालणार, व्हय?”

“नाही. डॉक्टरांना दाखवायचा नाही.”

“दावायचा न्हाई?”

“नाही.”

“काळीज माझं, टाकं त्येंचं, आन् फोटू त्येंनाच दावायचा न्हाई. मग काढायचा कुणासाठनं?”

मी म्हणाले, “कॅमेरा नवा आहे, मामा. तो चुकूही शकतो. नवा गुळवा आला तर पहिल्याच दिवशी त्याच्या हातात काहील देता का तुम्ही?”

उत्तर बिनतोड झालं असं मला वाटलं. केरबांनी मोसंबीची फोड तोंडात टाकली, बी हातावर काढली.

“न्हाई देत,” ते म्हणाले. “पर त्यो ‘करपतंय, करपतंय’ म्हणून बोंबलला, तर वळून एकदा बघतो की.”

मग त्यांनी सही केली. ‘केरबा’तला ‘के’ एवढा मोठा की बाकीचं नाव ओळीत मावलं नाही.

तर ती अकरावी केस. पायांतल्या शिरांचे दोन जोड मागच्या बाजूला घालून झाले होते. शेवटी लिमा. त्या जोडाचं तोंड जेमतेम चार मिलिमीटरचं असतं आणि टाक्याचा दोरा केसाहून बारीक. डॉ. मगदूम दुर्बिणीचा चष्मा लावून शिवत होते. थिएटरमध्ये फक्त मशीनच्या पंपाचा आवाज होता.

“त्रेपन्न मिनिटं, सर,” अन्वरभाई म्हणाले. हृदय थांबवल्यापासूनची मिनिटं मोजणं त्यांचं काम. जितकी कमी तितकी चांगली.

“गाठ मारतोय,” मगदूम म्हणाले. “क्लिप काढतोय.”

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

हा क्षण मी दहा वेळा पाहिला होता. लिमातून पांढरी रेघ उतरते. जोडापाशी थबकते. मग दोन्हीकडे फुटते, थोडी वर आणि बरीच खाली, हृदयाच्या टोकापर्यंत. आणि तिच्या दोन्ही बाजूंनी निळ्यात नारिंगी चढत जातं, भिंतीत ओल चढावी तसं. कुणीही न ढकलता, कुणीही न सांगता. त्या दहा सेकंदांसाठी मी बाकीचे पाच तास आनंदाने उभी राहत असे.

रेघ उतरली. जोडापाशी थबकली. वर गेली.

खाली गेली नाही.

मी मनात आकडे मोजले. पाच. दहा. पंधरा. वरचा भाग पिवळा झाला, खालचा निळाच. सगळी पुढची भिंत, टोकापर्यंत, निळी.

“नाडी काय सुरेख उडतेय,” मगदूम म्हणाले. त्यांचं बोट लिमावर होतं. “बघा सिस्टर.”

“छान आहे, सर,” सिस्टर म्हणाल्या.

पण नाडी उडते म्हणजे दाब आहे. दाब आहे म्हणजे वाहतंय असं नाही. तोंड बंद केलेला रबरी पाइपसुद्धा पंप चालू असला की हाताला धडधडतो. हे बारावीच्या मुलालाही सांगता येईल. ते सांगण्याची मला मात्र मनाई होती.

मी एकेक तपासलं. रंगांचं स्केल लॉक होतं, चौदा ते चौतीस अंश. वरचा दिवा बाजूला वळवलेला होता, त्याची चमक नव्हती. पाणी? टोकाजवळ काहीतरी चकाकत होतं. बर्फाचं पाणी असेल. चार नंबरलाही असंच चकाकत होतं.

म्हणजे दोन शक्यता. एक, पाणी. तसं असेल तर जोड उत्तम आहे आणि मी मूर्ख आहे. दुसरी, जोड बंद आहे, आणि हा माणूस छाती शिवून घरी जाईल तेव्हा त्याच्या हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारा रस्ता फक्त कागदावर असेल. उद्या, महिन्याने, कधीतरी काहिलीसमोर उभा असताना तो कोसळेल.

“अन्वर, क्लॅम्प काढायची तयारी.”

“तयार, सर. पंचावन्न.”

महाधमनीला लावलेला मुख्य क्लॅम्प काढला की सगळीकडून गरम रक्त हृदयात घुसतं. अर्ध्या मिनिटात स्क्रीन पिवळीधमक होते आणि मग तिच्यात काहीच वाचता येत नाही. जे बघायचं ते आत्ताच.

“सर,” मी म्हणाले, “टोकावरचं पाणी टिपून घ्याल?”

दहा केसमध्ये ऑपरेशन चालू असताना मी एक शब्द बोलले नव्हते. सिस्टर सुवार्तांचे डोळे मास्कवरून माझ्याकडे वळले. अन्वरभाईंनी मान खाली घातली.

मगदूमांनी मागे पाहिलं नाही. “का?”

“चित्रात अडतंय.”

“प्रयोगासाठी?”

“हो, सर.”

“सिस्टर, गॉज.” त्यांनी टोक टिपलं. पुन्हा कोरड्या गॉजने टिपलं. “झालं समाधान?”

चकाकी गेली होती. माझी नजर आकड्यांवर होती. पाण्याचे चौदा अंश जाऊन खालच्या भिंतीचे सतरा झाले आणि तिथेच राहिले. वरच्या भागाचे एकोणतीस. चार मिलिमीटरच्या जोडाच्या अलीकडे एकोणतीस, पलीकडे सतरा.

मला आजही नीट सांगता येत नाही की मी काही ठरवलं होतं का. एवढंच आठवतं की माझा उजवा पाय स्क्रीनच्या ट्रॉलीच्या ब्रेकवर होता. तो दाबला गेला, ब्रेक सुटला, आणि मी ट्रॉली दोन्ही हातांनी गर्रकन फिरवली. एक चाक कुरकुरलं.

“मॅडम…” अन्वरभाई हळूच म्हणाले.

मगदूमांनी मान वर केली. स्क्रीन त्यांच्या समोर होती.

“मी काय सांगितलं होतं?”

“सांगायचं नाही.”

“मग हे काय?”

“मी काही सांगितलं नाही, सर. नुसती वळवली.”

सिस्टर सुवार्तांच्या मास्कआड काहीतरी झालं, बहुधा हसू आलं असावं. मगदूम मात्र स्क्रीनकडे पाहत होते. शिवताना पाहतात तसं.

“हे आत्ताचं?”

“आत्ताचं.”

“स्केल?”

“लॉक आहे.”

“दिवा?”

“बाजूला.”

“चार नंबरला काय झालं होतं?”

“पाणी होतं, सर. आत्ता ते तुम्हीच पुसलंत.”

त्यांनी पुन्हा लिमावर बोट ठेवलं, डोळे मिटले, उघडले. “माझ्या बोटाला जोड चांगला लागतोय,” ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. मग माझ्याशी बोलले. “तुला किती खात्री आहे?”

“चित्राची शंभर टक्के. हृदयाची मला माहीत नाही.”

“अन्वर?”

“सत्तावन्न, सर.”

“अजून पंधरा मिनिटं देशील?”

“पंचवीस देतो. थंड औषधाचा एक डोस ढकलतो आणि बसतो गप्प.”

“सिस्टर, क्लिप द्या, आणि…”

क्लिप सिस्टरांच्या हातात आधीच होती. नवा दोराही.

मगदूमांनी लिमा पुन्हा बंद केली आणि कात्रीचं टोक पहिल्या गाठीखाली घातलं. चांगला जोड उसवताना धमनी फाटली तर ती पुन्हा शिवायला जागा उरत नाही, हे मला याच लोकांनी चहा पिताना सांगितलं होतं. एक टाका तुटला. दुसरा. मगदूम वाकले. आणखी वाकले.

“फिजिक्स,” ते म्हणाले, “इकडे ये. दोन पावलं. हात पाठीमागे बांध.”

मी गेले. मला लाल आणि पिवळट असं काहीतरी दिसलं, त्यातलं काय काय आहे हे कळेना. त्यांनी सुईच्या टोकाने दाखवलं.

“ही पुढची भिंत. ही तिच्यामागची. यांच्यामधून रक्त जायला पाहिजे. आणि हा माझा टाका. बघ, दोन्ही भिंतींतून गेलाय.” त्यांनी श्वास सोडला. “दार बसवायला आलो आणि दार शिवून टाकलं.”

“दिसला, सर,” मी म्हणाले. खरं तर अर्धवटच दिसला होता.

“जा जागेवर. स्क्रीन अशीच राहू दे.”

दुसरा जोड त्यांनी अकरा मिनिटांत घातला. मी घड्याळाकडे पाहत होते म्हणून मला माहीत आहे. गाठ मारली आणि ते म्हणाले, “आता मोठ्याने वाच. मला मान वर करायची नाहीये. क्लिप काढतोय.”

“रेघ उतरतेय,” मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला. “जोडापाशी आली. थबकली. वर गेली, सर.”

“खाली?”

“खाली…” आणि तेवढ्यात ती गेली. पांढरी, सरळ, जोड ओलांडून, निळ्याच्या मधोमध. “गेली. खाली गेली. अर्ध्यावर. फांदी फुटली, डावीकडे. दुसरी फुटली. एकवीस अंश. चोवीस. टोकाजवळ आली. टोक. सर, टोकावर पोचली.”

“किती वेळ?”

“नऊ सेकंद.”

मघाशी निळी होती ती सगळी भिंत समोर उजळत चालली होती. आधी रेघ, मग तिच्या फांद्या, मग फांद्यांमधला भाग. नारिंगी, मग पिवळा. दर सेकंदाला आकडा चढत होता आणि मी तो ओरडून सांगत होते, कुणी मागितला नव्हता तरी.

“अगं बाई, पेटलं की गं,” सिस्टर सुवार्ता म्हणाल्या. हातातलं काम तसंच ठेवून त्या स्क्रीनकडे पाहत होत्या.

अन्वरभाई स्टुलावरून उठून उभे राहिले होते.

“अन्वर, मशीन,” मगदूम म्हणाले.

“मशीन चालू आहे, सर. मीच थांबलोय.”

त्या दिवशी मी घरी चालत गेले. हॉस्पिटलपासून घर सात किलोमीटर होतं आणि बसचा पास माझ्या खिशात होता.

तिसऱ्या दिवशीची अँजिओग्राफी स्वच्छ आली. रंगीत औषध लिमातून टोकापर्यंत एका दमात गेलं. केरबा उठून बसले होते आणि बिनसाखरेच्या चहावरून हिराक्काशी भांडत होते. मी रिपोर्टची प्रत घेतली आणि पळत युनिव्हर्सिटीची बस पकडली.

सबनीस सरांनी ऑपरेशन थिएटर कधी पाहिलं नव्हतं. स्पिरिटच्या वासाने त्यांना भोवळ येत असे. प्रयोगशाळेत, खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. मी सगळं सांगायला सुरुवात केली, पण त्यांनी हात वर केला.

“आधी तक्ता. अँजिओग्राफी काय?”

“मोकळी, सर. एकदम स्वच्छ.”

“लिही.” मी लिहिलं. “कॅमेरा?”

“पहिल्यांदा बंद. दुसऱ्यांदा मोकळी.”

“कुठलं धरायचं?”

“दुसरं…”

“चार नंबरनंतर आपण नियम लिहिला. तुझ्याच अक्षरात आहे.”

मी वाचलं. क्लिप पहिल्यांदा निघाल्यावरचं चित्र धरावं. नंतरचं कोणतंही धरू नये.

“बंद,” मी म्हणाले.

“कॅमेरा बंद, अँजिओग्राफी मोकळी. मग तिसऱ्या रकान्यात काय?”

मी पेन खाली ठेवलं.

“सर, ती बंदच होती. म्हणून तर त्यांनी उसवली.”

“मला ठाऊक आहे.”

“मग ही केस वगळू या.”

“एक वगळली की लोक विचारतात, आणखी किती वगळल्या? आणि बरोबर विचारतात.” ते रागावलेले नव्हते. “तू गप्प बसली असतीस तर आज अँजिओग्राफी बंद आली असती आणि तू इथे ‘बरोबर’ लिहिलं असतंस. दुसरा टप्पा अजून आपल्या हातात असता.”

हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. तीन दिवस मी ढगात होते आणि एवढं साधं गणित मांडलं नव्हतं.

“म्हणजे दोन चुका,” मी म्हणाले.

“दोन चुका.”

“तळटीप तरी?”

“तळटीप घालता येईल. पण टाका कुणी पाहिला?”

“मगदूम सरांनी. मी… मला नीट दिसला नाही.”

“मग त्यांचं लेखी पाहिजे. सर्जनकडे हे मागायला जा. म्हणजे कळेल काय मागतेयस.”

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर मी गेले. डॉ. मगदूम डब्यातलं थालीपीठ खात होते. त्यांना जड जाऊ नये म्हणून मी वाक्य आधीच तयार करून नेलं होतं: ‘काही तांत्रिक कारणामुळे जोड पुन्हा करण्यात आला.’

त्यांनी वाचलं. “हे तांत्रिक कारण कोण? माझ्या ओळखीचं आहे का?”

त्यांनी हात पुसले, माझं वाक्य एका रेघेने खोडलं आणि खाली लिहिलं: ‘पहिल्या जोडात माझ्या एका टाक्यात धमनीची मागची भिंत आली होती. ती मला दिसली नाही, हातालाही लागली नाही. ती उष्णतेच्या कॅमेऱ्याने दाखवली.’ सही, तारीख, नोंदणी क्रमांक.

“हे छापलं की काही पेशंट दुसरीकडे जातील,” ते म्हणाले.

“सर, थोडं सौम्य…”

“सौम्य केलं तर तुझा कॅमेरा खोटा पडेल.” त्यांनी उरलेलं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलं. “खा. आणि सबनीसांना सांग, बारा नंबरपासून स्क्रीन माझ्याकडे.”

“मग प्रयोग संपला, सर. तुम्हाला दिसत असेल तर तक्त्याला अर्थ नाही.”

“संपू दे. एकदा दिसल्यावर डोळे मिटून कसं शिवायचं?”

तो कागद घेऊन मी संध्याकाळी सरांकडे परत आले. पाच वाजून गेले असतील. सरांनी तो दोनदा वाचला, काळजीपूर्वक घडी घातली आणि तक्ता माझ्यासमोर ठेवला. मी अकराव्या ओळीत, तिसऱ्या रकान्यात ‘चूक’ लिहिलं. त्याच्या डोक्यावर चांदणी काढली आणि खाली मगदूमांची तीन वाक्यं जशीच्या तशी उतरवली.

“अक्षर सुवाच्य काढ,” सर म्हणाले. “हीच ओळ लोक वाचणार आहेत.”

त्या तक्त्यात पुढे एकही ओळ भरली गेली नाही. त्यानंतर मी दोन शहरांत, तीन हॉस्पिटलांत हजाराच्या वर हृदयं स्क्रीनवर उजळताना पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी स्क्रीन सर्जनकडे तोंड करून होती. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मला एवढंच कळत होतं की प्रयोग फसला आहे, आणि तरीही माझे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत.

सरांनी पेनला टोपण लावलं. मग खुर्ची सोडून ते माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

“आता सांग.”

“काय, सर?”

“मी तिथे नव्हतो. सहा वर्षं मी हे कागदावर मांडतोय. एकदाही समोर घडताना पाहिलेलं नाही. दुसऱ्यांदा क्लिप काढली. मग?”

“मग रेघ उतरली.”

“वेग?”

“सुरुवातीला जास्त. जोडापाशी थबकली.”

“किती?”

“तीन फ्रेम.”

“तीनच?” ते पुढे सरकले. “मला वाटलं होतं पाच तरी. मग?”

“मग वर गेली. आणि मग, सर, खाली…”

दार वाजलं. प्रयोगशाळेचे शिपाई गुरव किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. साडेपाचला कुलूप लावायचं हा त्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता.

“सर, लाइट घालवू?”

सरांनी घड्याळाच्या काट्यावरची नजर न काढता हात वर केला.

“थांबा हो, गुरव,” ते म्हणाले. “अजून टोकापर्यंत पोचायचंय.”